चोवीस तासांचा डबा आणि आल्बुमिनचा आकडा: कोथरूडमधील एका पॅथॉलॉजी लॅबच्या सेवेविषयी

कोथरूडमध्ये, कर्वे पुतळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून माझ्या सासूबाईंच्या मूत्रपिंडाच्या आणि लघवीतील संप्रेरकांच्या चाचण्या अलीकडे करून घेतल्या. त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. लॅबचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत आणि ज्या गोष्टींचे कौतुक करायचे आहे त्या कोणत्याही लॅबकडे आग्रहाने मागता येण्यासारख्या आहेत. नमुना कसा घ्यायचा हे समजावून सांगण्यात आणि आलेला आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे तपासण्यात ही लॅब उत्तम आहे. चाचण्या विकण्यात ती गरजेपेक्षा जास्त उत्साही आहे आणि रिपोर्ट लिहिण्यात कमी पडते.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना बरीच वर्षे टाईप टू मधुमेह आहे. साखर गोळ्यांवर बऱ्यापैकी ताब्यात असूनही रक्तदाब तीन औषधे घेऊन उतरत नव्हता आणि पोटॅशियम खालच्या बाजूला झुकलेले होते, म्हणून डॉक्टरांनी दोन प्रकारच्या चाचण्या लिहून दिल्या. पहिला प्रकार प्रत्येक मधुमेही माणसाने दरवर्षी करून घ्यावा असा: लघवीतील आल्बुमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनीन (स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर, तसेच रक्तातील क्रिएटिनीनवरून काढलेला मूत्रपिंडाचा गाळणदर. टाईप टू असेल तर निदान झाल्याच्या वर्षापासून आणि टाईप वन असेल तर निदानानंतर पाच वर्षांनी ही वार्षिक तपासणी सुरू करायची असते. दुसरा प्रकार खास त्यांच्यासाठी होता: चोवीस तास डब्यात साठवलेल्या लघवीतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक आणि त्याच डब्यातून सोडियम व क्रिएटिनीन.

संप्रेरकाचा आणि मूत्रपिंडाचा हा संबंध थोडा उलगडून सांगायला हवा, कारण तो समजल्याशिवाय लॅबचे बरेवाईट कळणार नाही. मूत्रपिंड हे केवळ गाळण्याचे यंत्र नाही. ते स्वतः रेनिन तयार करते. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन टू बनते आणि ते मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉनच्या हुकमावरून मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. मधुमेहात ही साखळी मूत्रपिंडाच्या आतल्या आत चढी राहते. गाळणीच्या गुच्छातून रक्त बाहेर नेणारी बारीक वाहिनी अँजिओटेन्सिनमुळे आवळली जाते, गुच्छातला दाब वाढतो आणि एरवी न गळणारे आल्बुमिन लघवीत झिरपू लागते. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, मधुमेही रुग्णाला लिहून दिल्या जातात त्या केवळ रक्तदाबासाठी नव्हेत, हीच साखळी सैल करण्यासाठीही. लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी टाईप टू मधुमेहात मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो हे दाखवणारे दोन मोठे अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाले, आणि अल्डोस्टेरॉनचा परिणाम थेट अडवणारे फिनेरेनोन हे औषध याच कामासाठी २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले.

मात्र काही जणांत अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या सांगण्यावरून नव्हे, तर ग्रंथीच्या स्वतःच्या मर्जीने वाढलेले असते. जेरोम कॉन यांनी १९५५ साली वर्णन केलेला हा विकार. तीन औषधांना न जुमानणारा रक्तदाब आणि कमी पोटॅशियम ही जोडी दिसली की तो आठवावा, असे डॉक्टरांचे म्हणणे होते, आणि म्हणून तो चोवीस तासांचा डबा.

आता लॅबकडे येते. काउंटरवरील मुलीने प्रिस्क्रिप्शन वाचून नुसता डबा हातात ठेवला नाही. तिने आम्हाला बाजूच्या खुर्चीवर बसवून सासूबाईंना कोणकोणती औषधे चालू आहेत हे विचारले, त्यात अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन आहे का ते स्वतंत्रपणे विचारले, आणि केसांसाठी किंवा नखांसाठी कोणी बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत का, हेही विचारले. हा शेवटचा प्रश्न मी आजवर दुसऱ्या कुठल्याही लॅबमध्ये ऐकलेला नाही. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे संप्रेरके मोजण्याच्या कित्येक पद्धतींत आकडा खोटा चढतो किंवा उतरतो, आणि हल्ली घरोघरी या गोळ्या असतात, तेव्हा हा प्रश्न प्रत्येक काउंटरवर विचारला जायला हवा. औषधांतले बदल आणि पोटॅशियमची कमतरता भरून काढणे हे डॉक्टरांनी आधीच केलेले होते. पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉनही दबते आणि चाचणी फसवी निघते, हे तिला माहीत होते आणि तिने ताजा पोटॅशियमचा रिपोर्ट पाहूनच डबा दिला.

डबा पांढऱ्या अपारदर्शक प्लॅस्टिकचा, रुंद तोंडाचा आणि घट्ट झाकणाचा होता, तळाशी बोरिक ॲसिडची पूड होती. बरोबर लघवी धरण्यासाठी वेगळे हँडल असलेले भांडे दिले होते. झाकणावर मराठीत छापलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘आतील पूड धुऊ नये, डब्यात थेट लघवी करू नये’, आणि तिच्याखाली सुरुवातीची व शेवटची वेळ लिहिण्यासाठी दोन रिकाम्या जागा होत्या. मुलीने त्या जागांवर बोट ठेवून सासूबाईंना सांगितले, “आजी, उद्या उठल्यावरची पहिली लघवी संडासातच जाऊ द्या आणि तेव्हा घड्याळात किती वाजले ते इथे लिहा. त्यानंतरची प्रत्येक वेळची यात. परवा सकाळी त्याच वेळेला उठल्यावरची पहिली लघवी मात्र यातच घ्यायची, ती शेवटची.” सासूबाईंनी विचारले, “अगं, पहिली टाकायची आणि शेवटची ठेवायची, असं उलटं का गं?” त्यावर तिने न कंटाळता समजावले की पहिली लघवी ही आदल्या रात्री साठलेली असते, ती मोजली तर चोवीस तासांऐवजी तीस-बत्तीस तासांचा हिशोब होईल. जेवणात मीठ नेहमीइतकेच ठेवा, चाचणीसाठी म्हणून एकदम अळणी खाऊ नका, हेही तिने बजावले. मीठ कमी केले की निरोगी माणसाचेही अल्डोस्टेरॉन वाढते. आल्बुमिनसाठी मात्र तिने वेगळी छोटी बाटली दिली आणि सकाळची पहिली लघवी त्यात, कोणतीही पूड न घालता, आणायला सांगितली. ताप असेल, लघवीला जळजळ असेल किंवा आदल्या दिवशी खूप चालणे-चढणे झाले असेल तर ही बाटली त्या दिवशी आणू नका, कारण या सगळ्यांत आल्बुमिन तात्पुरते वाढते, असे तिने सांगितले. पर्वती रोज चढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

या लॅबबद्दल माझा आदर वाढला तो यानंतरच्या घटनेने. डबा दिल्यावर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट न येता लॅबच्या डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. सासूबाईंचे वजन ५८ किलो असताना चोवीस तासांतील क्रिएटिनीन जेमतेम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास भरले होते, आणि त्या वयाच्या व बांध्याच्या बाईला ते बरेच कमी आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात बाहेर पडते, म्हणून ते कमी भरले की डब्यात सगळी लघवी आलेली नाही असे समजायचे. चौकशी केल्यावर निघाले की सासूबाई दुपारी शेजारच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेल्या होत्या आणि तिथे जे झाले ते अर्थातच डब्यात आले नाही. लॅबने तो नमुना रद्द केला, अल्डोस्टेरॉनचा आकडा छापलाच नाही आणि दुसरा डबा जादा पैसे न घेता दिला. तो अपुरा आकडा रिपोर्टात नुसता ‘नॉर्मल’ म्हणून छापून मोकळे होणे किती सोपे होते, आणि तसे झाले असते तर ते कोणालाही कळले नसते, याचा विचार केला म्हणजे या एका फोनची किंमत लक्षात येते. चोवीस तासांच्या लघवीतील कोणतेही संप्रेरक मोजायचे असेल, तर त्याच डब्यातील क्रिएटिनीन मोजले जाणार आहे का, एवढे एक प्रत्येकाने आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या डब्याचा निकाल व्यवस्थित आला. अल्डोस्टेरॉन संशयाच्या पातळीपासून बरेच खाली होते, तेव्हा कॉन यांचा विकार डॉक्टरांनी बाजूला ठेवला. पण त्याच डब्यातील सोडियमने घरात सगळ्यांना धक्का दिला. ते १७० मिलिमोलच्या घरात होते, म्हणजे दिवसाला सुमारे १० ग्रॅम मीठ; जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. चोवीस तासांच्या लघवीतील सोडियम हे माणूस किती मीठ खातो याचे सर्वांत भरवशाचे मोजमाप मानले जाते, कारण खाल्लेले बहुतेक सगळे मीठ लघवीवाटेच बाहेर पडते. सासूबाई भाजीत वरून मीठ कधी घेत नाहीत, म्हणून आम्ही निर्धास्त होतो; लोणचे, पापड, शेंगदाण्याची चटणी, ताकातले सैंधव आणि संध्याकाळच्या चहाबरोबरची बाकरवडी यांचा हिशोब कोणी धरलाच नव्हता. एवढे मीठ पोटात जात असताना सार्टन गटातील गोळीचा परिणाम बोथट होतो, आल्बुमिनची गळतीही म्हणावी तशी कमी होत नाही, आणि पाणी काढणाऱ्या गोळीबरोबर पोटॅशियम जास्त वाहून जाते. शोधायला निघालो होतो संप्रेरक, आणि तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबाचे उत्तर बरेचसे स्वयंपाकघरात सापडले.

आल्बुमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर ८६ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आले. ३० च्या खाली ते ठीक मानतात, ३० ते ३०० ही मध्यम वाढ आणि ३०० च्या वर गंभीर. पण एकाच नमुन्यावरून शिक्का मारायचा नसतो. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले असले तरच ती वाढ खरी धरतात, कारण हा आकडा दिवसागणिक बराच हलतो. ही गोष्ट रिपोर्टात एका ओळीत लिहायला हवी होती. ती लिहिलेली नव्हती, आणि नणंदेने रात्री मोबाईलवर लाल अक्षरातले ‘हाय’ पाहून थेट डायलिसिसचा विषय काढला.

रिपोर्टाबद्दलची माझी पहिली तक्रार ही. दुसरी अधिक गंभीर आहे. रक्तातील क्रिएटिनीन १.१ होते आणि त्यासमोर ‘मर्यादेत’ असे छापले होते, कारण लॅबची बायकांसाठीची मर्यादा १.१ पर्यंत आहे. गाळणदर दुसऱ्या पानावर, बारीक टायपात, ५५ असा होता, त्याच्यापुढे ना खूण ना शेरा. आता ६८ वर्षांच्या बाईचे क्रिएटिनीन १.१ असेल, तर क्रिएटिनीन, वय आणि लिंग यांवरून गाळणदर काढण्याच्या २०२१ च्या सूत्राने तो ५५ च्या आसपासच येतो, आणि ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलेला गाळणदर म्हणजे मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार, अशी जगभर मान्य व्याख्या आहे. पहिले पान वाचून सुटकेचा निःश्वास टाकणारा माणूस दुसरे पान उघडतोच असे नाही. शिवाय गाळणदर कोणत्या सूत्राने काढला हे रिपोर्टात नव्हते. विचारल्यावर तत्काळ सांगितले गेले, पण ते छापलेले असावे.

याला पुण्याशी जोडलेली आणखी एक बाजू आहे. येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची जी ठेवण जगापुढे मांडली, बारीक दिसणारे पण चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेले शरीर, ती इथेही आड येते. क्रिएटिनीन स्नायूंतून येते; स्नायू कमी तर क्रिएटिनीन कमी, आणि क्रिएटिनीन कमी दिसले की सूत्र गाळणदर खऱ्यापेक्षा चांगला दाखवते. वयस्कर, किरकोळ अंगाच्या आणि मांसाहार न करणाऱ्या मधुमेही माणसाच्या बाबतीत ही शंका डॉक्टरांकडे जरूर बोलून दाखवावी. सिस्टॅटिन सी नावाच्या, स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेल्या चाचणीने खातरजमा करता येते. ही चाचणी या लॅबमध्ये होते आणि मागितल्यावर मिळते, ही तिची जमेची बाजू.

तिसरी तक्रार लघवीतील साखरेची. सासूबाईंना डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. भारतात त्याचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते पुष्कळ स्वस्त झाले आहे आणि मूत्रपिंड जपण्यासाठी मधुमेहात आता सर्रास दिले जाते. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकूनच काम करते, तेव्हा लघवीत साखर चार अधिक चिन्हांनी येणे हे औषध घेतल्याची खूण आहे, साखर बिघडल्याची नव्हे. काउंटरवर औषधांची यादी इतक्या काळजीने लिहून घेणाऱ्या लॅबने तिथे एक ओळीचा खुलासा छापला असता, तर घरातली अर्धी घबराट टळली असती.

आता पॅकेजविषयी. दर वेळी पैसे भरताना इथे ‘डायबेटिक किडनी हार्मोन’ अशा नावाचे एक मोठे पॅकेज पुढे केले जाते. त्यात आल्बुमिन आणि गाळणदर यांच्या जोडीला लघवीतील सी-पेप्टाइड, लघवीतील कॉर्टिसॉल, थायरॉईड आणि जीवनसत्त्वांच्या चाचण्या असतात आणि किंमत काही हजारांत जाते. माझे स्पष्ट मत असे की डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय हे पॅकेज घेऊ नये. सी-पेप्टाइड हा इन्सुलिन बनताना सुटणारा जोडतुकडा आहे; स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते ते त्यावरून कळते, आणि एखाद्या तरुण रुग्णाचा मधुमेह टाईप वन आहे की आणखी काही, हे ठरवताना ती चाचणी मोलाची असते. पण गोळ्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या टाईप टूच्या आजींना ती नवे काही सांगत नाही. मुख्य म्हणजे सी-पेप्टाइडची विल्हेवाट मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडच लावते, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले की लघवीतील त्याच्या आकड्याचा अर्थ बदलतो. कॉर्टिसॉलचेही तसेच: गाळणदर ६० च्या खाली गेला की लघवीतील कॉर्टिसॉल खोटे कमी दिसू शकते, आणि ज्याची साखर बेताल आहे त्याच्यात ते विकार नसतानाही थोडे वाढलेले सापडू शकते. म्हणजे ज्यांची मूत्रपिंडे दुखावलेली आहेत अशांना हे पॅकेज विकले जाते, आणि नेमक्या त्यांच्यातच त्यातील संप्रेरकांचे आकडे सर्वांत कमी भरवशाचे. आम्ही नकार दिल्यावर कोणी आग्रह धरला नाही हे खरे. परंतु रांगेतल्या एका वृद्ध जोडप्याने ते घेतले, तेही प्रिस्क्रिप्शनवर केवळ क्रिएटिनीन लिहिलेले असताना, आणि तेव्हा त्या चांगल्या मुलीने त्यांना थांबवले नाही, याचे मला वाईट वाटले.

इतर गोष्टी थोडक्यात. लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे, पण मान्यता प्रत्येक चाचणीसाठी स्वतंत्र असते; अल्डोस्टेरॉनचा नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबकडे जातो आणि हे पावतीवर लिहिलेले असते. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा वेळेवर आला आणि त्याचा हात हलका आहे. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात काउंटरवर गर्दी असते व बसायला जागा कमी पडते. दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकीची आशा धरू नये. जिना आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी घरून नमुना पाठवावा.

गुडघ्यांवरून एक अवांतर पण निकडीचे: दुखण्यावर दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अशा मूत्रपिंडाला बाधतात, आणि सार्टन व पाणी काढणारी गोळी चालू असताना तर फारच. लॅबच्या प्रश्नावलीत या गोळ्यांचा उल्लेख नाही. तो घालावा, असे मी त्यांच्या अभिप्राय-वहीत लिहून आले आहे, गाळणदर पहिल्या पानावर आणावा या सूचनेसह.

सासूबाईंची लोणच्याची बरणी सध्या वरच्या फळीवर आहे आणि पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बदलला आहे. आल्बुमिनचा दुसरा नमुना तीन महिन्यांनी द्यायचा आहे. तो याच लॅबमध्ये देणार आहोत, कारण एकाच लॅबचे, एकाच पद्धतीने काढलेले आकडे शेजारी ठेवले तरच त्यांची तुलना नीट होते. पावती मात्र आल्बुमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर, रक्तातील क्रिएटिनीन आणि पोटॅशियम एवढ्याचीच करून घेऊ.